फिल्म क्रिटिकचं घरभाडं कोण भरतं?

गेल्या काही एपिसोडनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: फिल्म क्रिटिक व्हायचं तर शिकायचं काय? कुठली डिग्री, कुठला कोर्स? विचारणारे बरेचसे इंजिनिअरिंगवाले. कुणी थर्ड इयरला, तर कुणी माझ्यासारखे, सकाळी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसणारे. म्हणून आजचा एपिसोड सिनेमावर नाही, सिनेमावर लिहिणाऱ्या माणसांवर. ती कुठून आली, आधी काय करत होती आणि घरभाडं कशातून भरत होती. हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात करू अमेरिकेतून, १९६७ सालापासून. त्या वर्षी 'बॉनी अँड क्लाईड' आला. बँका लुटणाऱ्या जोडप्याची गोष्ट. रक्तपातही आहे आणि विनोदही. या एका सिनेमावरून तीन समीक्षकांची आयुष्यं इकडची तिकडे झाली.

पहिले बॉस्ली क्राउदर. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक, तेही १९४० पासून. प्रिन्स्टनचे पदवीधर, मोठं पेपर, मोठा दबदबा. त्यांनी सिनेमाला झोडपलं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण प्रेक्षकांना, विशेषतः तरुणांना, सिनेमा आवडला. क्राउदर काळाच्या मागे पडलेत असं लोक उघड बोलायला लागले, आणि १९६८ च्या सुरुवातीला त्यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या. वय २९. शिक्षण तत्त्वज्ञानाचं, रोजच्या रोज सिनेमाचे रिव्ह्यू लिहायचा अनुभव जवळपास नाही. वर्षभरापेक्षा थोडा जास्त काळ त्यांनी ते काम केलं, सोडलं, आणि पुढे चक्क कायद्याची पदवी घेतली!

दुसरे रॉजर ईबर्ट. शिकागोत राहिले, पण मूळचे इलिनॉयमधल्या अर्बाना गावचे. वडील इलेक्ट्रिशियन. पंधराव्या वर्षापासून हा पोरगा गावच्या पेपरात खेळाच्या बातम्या लिहायचा. पुढे कॉलेजच्या पेपरचा संपादक झाला. शिकागोत इंग्रजीत पीएचडी करायला गेला आणि पोटापाण्यासाठी 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये लागला. एप्रिल १९६७ मध्ये तिथली समीक्षकाची जागा रिकामी झाली आणि ती याला मिळाली. तेव्हा वय २४. काही महिन्यांतच 'बॉनी अँड क्लाईड' आला आणि ईबर्टने त्याचं भरभरून कौतुक केलं. पीएचडी राहिलीच. १९७५ मध्ये समीक्षेसाठी पुलित्झर मिळवणारा तो पहिला फिल्म क्रिटिक ठरला. पुढे कॅन्सरच्या ऑपरेशन्समध्ये २००६ साली त्याचा आवाज गेला, तरी लिहिणं थांबलं नाही. २०१२ या एका वर्षात त्याने तीनशेहून जास्त रिव्ह्यू लिहिले. हा आकडा लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

तिसऱ्या पॉलीन केल. यांची गोष्ट जरा थांबून सांगतो.

जन्म १९१९ चा. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू, कॅलिफोर्नियात कोंबड्या पाळायचे. बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होत्या, पण डिग्री न घेताच बाहेर पडल्या. मग मिळेल ते काम: शिवणकाम, स्वयंपाकाचं काम, जाहिरातींची कॉपी लिहिणं. एकट्याने मुलगी वाढवत होत्या, आणि त्या मुलीला जन्मतः हृदयाचा आजार. कॉफी शॉपमध्ये त्यांना सिनेमावरून वाद घालताना एका छोट्या मासिकाच्या संपादकाने ऐकलं आणि चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'वर लिहायला सांगितलं. साल १९५३. त्यांचा छापून आलेला हा पहिला रिव्ह्यू. म्हणजे चौतिशीच्या आसपास.

पुढे त्या बर्कलीतलं एक छोटं थिएटर चालवायच्या. कुठले सिनेमे लावायचे ते ठरवायचं आणि त्यांच्यावर पत्रकं लिहायची. शिवाय केपीएफए नावाच्या रेडिओ स्टेशनवर सिनेमावर बोलायच्या, वर्षानुवर्षं, एक पैसा न घेता. आपल्या भाषेत सांगायचं तर फुकटचा पॉडकास्ट. १९६५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, त्यात त्या रेडिओवरच्या बोलण्यातलंही काही होतं. पुस्तक खपलं, आणि एका मोठ्या महिला मासिकात नोकरी मिळाली. काही महिन्यांत गेलीसुद्धा! लोक म्हणायचे, 'द साउंड ऑफ म्युझिक'ला झोडपलं म्हणून गेली. संपादकांचं म्हणणं होतं की त्या लोकांना आवडणाऱ्या प्रत्येकच सिनेमाला झोडपतात. मग 'बॉनी अँड क्लाईड'वर त्यांनी लांबलचक लेख लिहिला. तो 'द न्यू रिपब्लिक'ने नाकारला. 'द न्यूयॉर्कर'ने छापला आणि १९६८ मध्ये नोकरीही दिली. तेव्हा त्यांचं वय ४८!

आणि ही नोकरीही अर्धीच बरं का. वर्षातले सहा महिने केल लिहिणार, सहा महिने पेनेलपी गिलियट. अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या समीक्षकाला बरीच वर्षं अर्ध्या वर्षाचीच जागा होती. १९७९ मध्ये वॉरन बेटी, म्हणजे 'बॉनी अँड क्लाईड'चा निर्माता आणि हीरो, त्यांना हॉलिवूडला घेऊन गेला. काही महिन्यांत त्या परत आल्या आणि १९९१ पर्यंत लिहीत राहिल्या.

आता हे सगळं शेजारी ठेवून बघा. तत्त्वज्ञान, इंग्रजी, खेळाच्या बातम्या, शिवणकाम. मॅनी फार्बर नावाचा अजून एक भारी समीक्षक होता, तो चित्रकार होता आणि सुतारकामावर पोट भरायचा. १९६२ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. त्यात त्याने पांढऱ्या हत्तीसारखी भपकेबाज कला आणि वाळवीसारखी आपल्याच नादात कुरतडत पुढे जाणारी कला असा फरक केला. लाकूडकाम करणाऱ्या माणसालाच वाळवी सुचणार, असं मला आपलं वाटतं.

आपल्याकडेही तेच. बरद्वाज रंगन बिट्स पिलानीचे केमिकल इंजिनिअर. २००५ सालचा सर्वोत्कृष्ट समीक्षकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. मराठीत जागतिक सिनेमावर इतकं सातत्याने लिहिणारे गणेश मतकरी व्यवसायाने आर्किटेक्ट. सिनेमाचं रीतसर शिक्षण घेऊन लिहिणारेही आहेतच. अरुण खोपकर एफटीआयआयमध्ये शिकले, आणि गुरुदत्तवरच्या त्यांच्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ते आधी दिग्दर्शक, समीक्षेची नोकरी करणारे नाहीत.

म्हणजे 'डिग्री कुठली' याचं उत्तर झालं: कुठलीही. पण इथे थांबलो तर तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. ईबर्ट आणि क्राउदर यांच्याकडे पगार होता. पेपर खपायचं, जाहिराती यायच्या, त्यातून समीक्षकाचा पगार निघायचा, आणि त्या पैशाचा एखादा सिनेमा चांगला की वाईट याच्याशी थेट संबंध नसायचा. ही सोय आता मोडत चाललीय. 'व्हरायटी'ने २०१० मध्ये टॉड मॅकार्थींना काढलं, तीस वर्षांहून जास्त नोकरीनंतर. 'व्हिलेज व्हॉइस'ने २०१२ मध्ये जे. होबरमन यांना काढलं, तेही तिथे दशकानुदशकं होते. ही त्या क्षेत्रातली मोठी नावं.

मग आता पैसे कोण देतं? व्ह्यूज देतात, ते फार थोड्यांना. नाहीतर सिनेमावाला देतो. गेल्या वर्षी आम्हालाही एका प्रमोशन एजन्सीचा मेल आला होता. दहा मिनिटांचा रिव्ह्यू, ठरलेली रक्कम, रिलीजच्या दिवशी सकाळी अपलोड. स्टार किती द्यायचे ते लिहिलं नव्हतं, फक्त 'टोन पॉझिटिव्ह ठेवा' एवढंच. मी नाही म्हटलं. यात माझा फार मोठेपणा आहे असं समजू नका. माझा पगार एक तारखेला जमा झाला होता. ज्याचं भाडंच त्या मेलवर अवलंबून आहे, त्याला नाही म्हणणं माझ्यापेक्षा कितीतरी जड जाणार.

म्हणून मी नोकरी सोडा म्हणत नाही. फार्बरचं सुतारकाम, मतकरींची आर्किटेक्चर, तुमचं कोडिंग, ही सिनेमावर खरं बोलायची किंमत चुकती करणारी कामं आहेत.

पण याचीही एक किंमत आहे. ईबर्टचे तीनशे रिव्ह्यू आठवा. मी नोकरी सांभाळून आठवड्याला दोन सिनेमे बघतो, त्यातला एक झोपेच्या वाट्याचा. पगारी समीक्षक नाइलाजाने का होईना, शुक्रवारी लागलेला प्रत्येक सिनेमा बघायचा. छोटा मराठी सिनेमा, शहरात दोन शो, त्यातला एक दुपारी बाराचा, प्रमोशनला पैसे नाहीत. पूर्वी त्याच्यावर पेपरात निदान चार ओळी यायच्या. आता ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याबद्दल कुणी वाईटही बोलत नाही, आणि पुढच्या शुक्रवारी तो उतरलेला असतो. पगारी समीक्षक गेल्याचं नुकसान होतं ते असं, आणि ते भरून काढणं आपल्यासारख्यांच्या थोडंफार हातात आहे.

तर ज्यांना खरंच सुरू करायचंय त्यांच्यासाठी. आठवड्याला एक सिनेमा निवडा, शक्यतो ज्याच्यावर कुणी बोलत नाहीये असा. तिकीट स्वतःच्या पैशाने काढा. रविवारी रात्रीपर्यंत पाचशे शब्द लिहा, आवडला-नावडला यापेक्षा पडद्यावर काय दिसलं ते जास्त. फुकट पास मिळाला असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगा. जवळची फिल्म सोसायटी शोधा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. पुण्यात एफटीआयआय आणि फिल्म अर्काइव्ह यांचा महिनाभराचा फिल्म ॲप्रिसिएशन कोर्स गाजलेला आहे. नोकरीवाल्यांनो, अख्ख्या वर्षाची रजा त्यात जाईल, मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा!

आणि केलबाईंचं वय आठवा. तुमच्याकडे अजून बराच वेळ आहे.

या शुक्रवारी तुमच्या गावात कुठला छोटा सिनेमा लागतोय, ते मला कळवा. त्यातला एक मी बघणार आणि पुढच्या एपिसोडमध्ये त्याच्यावर बोलणार. भेटू मग. काळजी घ्या!