मोटारींतील आसनाची स्मृति

ज्या आसनाला आपण ‘मेमरी सीट’ म्हणतों, त्याच्या बिघाडाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय किरकोळ वाटेल. परंतु कसाऱ्याचा घाट उतरतांना ब्रेकपर्यंत पाय पुरला नाहीं, तर तो किरकोळ राहत नाहीं.

एका पावसाळ्यांत आमच्या घरीं असेंच झालें. गाडी आम्ही दोघेंही चालवितों. पत्नी उंचीनें माझ्याहून बरीच कमी. म्हणून दरवाजावरील पहिलें बटण तिचें, दुसरें माझें. त्या दिवशीं नाशिकहून मुंबईस निघतांना तिनें आपलें बटण दाबलें. आसन पुढें सरकलें खरें, पण नेहमींच्या जागेच्या चार बोटें मागेंच थांबलें. घाईंत ती तशीच निघाली. इगतपुरी मागें पडली, उतार लागला, आणि ब्रेक पुरता दाबण्यासाठीं पुढें सरकून बसावें लागतें हें तिच्या ध्यानांत आलें. तिनें गाडी कडेला घेतली, साध्या खटक्यानें आसन पुढें आणलें, आणि मगच घाट उतरला.

परतल्यावर दुरुस्तीच्या एका दुकानीं सल्ला मिळाला कीं, मोटरसकट सगळा सांगाडाच बदलावा. आंकडा ऐकून मीं गाडी घरीं आणली. कंजूषपणाचाहि कधीं कधीं उपयोग होतो.

वास्तविक आसनाला जागा आठवत नाहीं. त्याला केवळ मोजतां येतें. बहुतेक नव्या गाड्यांत आसनाच्या मोटरीबरोबर लहानसें चुंबक फिरतें व शेजारचा सेन्सर त्याचे ठोके देतो. ठरलेल्या टोकापासून किती ठोके, एवढाच आंकडा नियंत्रक साठवितो. पंचांगाचा पहिला दिवसच चुकला तर पुढचा प्रत्येक सण चुकावा, तसें टोक चुकलें कीं सारा हिशेब चुकतो. ही सोय कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील कॅडिलॅक एल्डोराडो ब्रौहॅम या गाडींत ती १९५७ सालींच होती.

तेव्हां बिघाड शोधतांना प्रथम साधा खटका पाहावा. त्यानें आसन कोणत्याच बाजूस हलत नसेल, तर फ्यूज आणि आसनाखालील तारांचा जोड तपासावा. पावसाळ्यांत भिजलेल्या गालिच्यामुळें तो जोड गंजतो, आणि उंदीरहि तारा कुरतडतात. एकच दिशा बंद असेल, तर त्या दिशेचा खटका वा मोटर संशयास्पद. खटक्यानें सारें चालतें, पण बटणानें आसन भलतीकडे थांबतें, अशा वेळीं बहुधा मोजणी बिघडलेली असते. बॅटरी काढल्यावर अनेक गाड्यांत असें होतें. मग गाडी उभी ठेवून आसन दोन्ही टोकांस पूर्ण नेऊन आणावें व जागा पुन्हां नोंदवावी. नेमकी रीत आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत पाहावी, कारण ती प्रत्येक गाडीची निराळी. एक मात्र कटाक्षानें पाळावें: आसनाखालचा पिवळा जोड हा एअरबॅगचा असतो, त्याला घरच्या माणसानें हात लावूं नये.

आमची बॅटरी आठवड्यापूर्वींच बदलली होती, आणि आसन दोन्ही टोकांस मींच नेलें होतें. मग चूक कोठें? विजेरी घेऊन मी आसनाखालीं डोकावलों. पुढच्या रुळांत घडीची छत्री अडकली होती. आसन तिच्यावर आपटून थांबलें, आणि नियंत्रकानें त्यालाच पुढचें टोक मानलें! आमच्या गाडींत मोजणी तेथूनच सुरू होत असल्यानें प्रत्येक जागा चार बोटें मागें गेली. दुकानदाराला काय नांवें ठेवावीं? छत्री माझीच होती.

ती काढली, आसन पुन्हां टोकांस नेलें, आणि पत्नीला बसवून, ब्रेक तळापर्यंत दाबतांनाहि तिचा गुडघा किंचित् वांकलेला राहतो हें पाहून, पहिलें बटण नव्यानें नोंदविलें. त्यानंतर पहिल्याच फेरींत घाटापूर्वीं थांबून तिनें स्वतः एकदां खात्री करून घेतली. छत्री आतां डिकींत असते.