हातांनी चालविलेले डायनोसॉर

ज्याच्या सहवासात आपण राहिलो त्याची पुढे आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्याला कोणत्याही माणसाने कधी पाहिलेच नाही, अशा प्राण्याच्या चालण्याची आठवण होऊन कोणी हळवे झाले, तर ती गोष्ट जरा चमत्कारिक वाटेल. डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले, त्याला सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे लोटली. पक्ष्यांच्या रूपाने त्यांची एक शाखा तेवढी उरली. मनुष्य अवतरला तो त्यानंतर फार फार उशिरा. असे असूनही, ‘डायनोसॉर पूर्वी चालत तसे आता चालत नाहीत’ अशी हळहळ वाटणारी वयस्क माणसे आज अमेरिकेत आणि युरोपात भेटतात. ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा, असे विचारले तर ते कोट्यवधी वर्षांची गोष्ट सांगत नाहीत. ते सांगतात १९५६ ची, १९७० ची, १९८५ ची. शाळेच्या अंधाऱ्या वर्गात, नाहीतर घरातील दूरचित्रवाणीच्या लहानशा पडद्यावर त्यांनी जे डायनोसॉर पाहिले, ते रबराचे होते आणि माणसाच्या बोटांनी हलविलेले होते. श्रोतेहो, त्या रबरी डायनोसॉरांविषयी आणि त्यांच्याविषयी वाटणाऱ्या ओढीविषयी आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम ही कला काय होती ते पाहू. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. हातभर उंचीची एक प्रतिकृती घ्यावयाची. तिच्या पोटात धातूचा सांगाडा, आणि सांगाड्याला आपल्या खांद्याला असतात तसे उखळीचे सांधे. वरून कापूस, रबर आणि रंग. ही प्रतिकृती छोट्याशा कृत्रिम अरण्यात उभी करून एक चित्र घ्यावयाचे. मग पाऊल केसभर पुढे, मान किंचित वर, शेपटी जराशी डावीकडे. आणि दुसरे चित्र. प्रत्येक चित्रागणिक अशी हालचाल करावयाची म्हटली, तर पडद्यावरील एका मिनिटासाठी १,४४० वेळा हात लावावा लागतो. कळसूत्री बाहुल्या नाचविणारा निदान आपल्या बाहुलीचा नाच डोळ्यांनी पाहत असतो. या कारागिराला ते सुखही नव्हते. दिवसभर तो एका स्तब्ध प्राण्यासमोर उभा. पाऊल कोणत्या दिशेने चालले होते याचा क्षणभर विसर पडला, की दिवसाची मेहनत वाया! आपला प्राणी चालला की अडखळला, हे त्याला कळावयाचे ते चित्रपट धुऊन आल्यावर.

या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणारे पहिले मोठे नाव विलिस ओब्रायन यांचे. १८८६ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या गृहस्थांनी संगमरवर घडविण्यापासून वृत्तपत्रातील व्यंगचित्रांपर्यंत अनेक उद्योग केले आणि अखेर ते या कामात रमले. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या कादंबरीवरील चित्रपटाचे काम चालू असता, १९२२ साली डॉयल यांनी न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या एका मेजवानीत त्यातील काही दृश्ये दाखविली, आणि ही काय चीज आहे हे मुद्दामच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र बुचकळ्यात पडले! हे प्राणी खरे मानावेत की बनावट? मग डॉयल यांनीच उलगडा केला. चित्रपट १९२५ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांना चकविण्यात ज्यांची हयात गेली त्या जादूगारांसमोर रबराचे प्राणी उभे राहिले आणि त्यांनी लोकांना विचारात पाडले, यातच त्या कलेचे सामर्थ्य दिसून आले.

‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि १९३३ चा ‘किंग काँग’ या कल्पित कथा होत्या. पुढे हीच कला शिक्षणाच्या सेवेला आली. १९५५ साली चेकोस्लोव्हाकियात कारेल झेमान यांनी एक चित्रपट काढला. चार मुले नावेत बसून एका नदीतून काळाच्या उलट्या दिशेने जातात. वाटेत त्यांना हिमयुगातील मॅमथ भेटतो, मग डायनोसॉर भेटतात, आणि अखेर ती आदिम समुद्राच्या काठी पोहोचतात. झ्देन्येक बुरियान यांची चित्रे त्या प्राण्यांना आधारभूत होती आणि प्राध्यापक योसेफ आउगुस्ता हे पुराजीवशास्त्रज्ञ सल्लागार होते. दुसऱ्याच वर्षी, १९५६ साली, अमेरिकेत अर्विन अॅलन यांचा ‘द अॅनिमल वर्ल्ड’ हा प्राणिसृष्टीवरील अनुबोधपट आला. त्यातील डायनोसॉरांचा भाग ओब्रायन यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिष्य रे हॅरीहाउसेन यांनी हलता केला. तेरा वर्षांचे असताना ‘किंग काँग’ पाहून ज्यांच्या आयुष्याला दिशा लागली, तेच हे हॅरीहाउसेन. सिंह, हत्ती, मधमाश्या यांच्या खऱ्या चित्रांच्या पंक्तीला हे रबरी प्राणी येऊन बसले, आणि मुलांनी दोहोंना सारख्याच विश्वासाने आपलेसे केले.

त्यानंतर १९७० साली वा चँग यांनी शाळांसाठी डायनोसॉरांवर एक छोटा चित्रपट केला. १९८१ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने तसाच एक काढला. १९८५ साली फिल टिपेट यांचे डायनोसॉर अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘डायनोसॉर!’ या कार्यक्रमात झळकले आणि त्याबद्दल एमी पारितोषिकही मिळाले. तीन पिढ्यांच्या मनातला डायनोसॉर तो हा.

आता येथे एखादा शास्त्रप्रिय मनुष्य म्हणेल, की ही आठवण म्हणजे चुकीच्या माहितीवरचे प्रेम आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. त्या जुन्या अनुबोधपटांतून डायनोसॉर जड, मंद आणि शेपटी जमिनीवरून फरफटत नेणारे असे दिसत. १९६९ साली जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनॉनिकस या चपळ शिकारी डायनोसॉराचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते चित्र पालटू लागले. शेपटी फरफटत नसे, ती शरीराचा तोल सांभाळीत मागे उचललेली असे, हे पावलांच्या ठशांवरून आणि हाडांवरून स्पष्ट झाले. १९९६ साली चीनमध्ये पिसांसारखे आवरण असलेला डायनोसॉर प्रसिद्धीस आला. ज्ञान पुढे गेले आणि रबरी प्राणी मागे राहिले.

त्यांना हलविणारे हातही मागे राहिले. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटासाठी फिल टिपेट यांच्याच पद्धतीने डायनोसॉर हलवावयाचे ठरले होते. इतक्यात संगणकाने काढलेल्या डायनोसॉराचा नमुना तयार झाला. तो पाहताच, आपली जातच आता नष्ट झाली, अशा अर्थाचे उद्गार टिपेट यांनी काढले आणि दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी तेच चित्रपटातील पात्रांच्या तोंडी घातले. ऐकणाऱ्यांना हसू येईल. परंतु वर्षानुवर्षे कमावलेली विद्या एका दुपारी निरुपयोगी ठरताना पाहणे हा हसण्याचा प्रसंग नव्हे. हातमागावरच्या विणकराला आणि लाकडी ठसे कोरणाऱ्याला ते दुःख ठाऊक आहे. मात्र टिपेट यांना कोणी वाऱ्यावर सोडले नाही. प्राणी वजन कसे पेलतो, वळण्यापूर्वी मान कशी हलवितो, हे संगणकाला ठाऊक नव्हते. ते या मंडळींना ठाऊक होते. म्हणून सांध्यासांध्यांतून संवेदक बसविलेला एक सांगाडा तयार करण्यात आला. कारागिराने पूर्वीप्रमाणे तो हातांनी हलवावा आणि संगणकातील प्राण्याने तसे हलावे, अशी योजना झाली. यंत्र बदलले, पण हातांची विद्या यंत्राला हवीच होती.

मग लोकांना चुकचुकल्यासारखे का वाटावे? त्याचे एक कारण त्या चालीतच आहे. धावत्या घोड्याचे छायाचित्र घेतले तर त्याचे पाय किंचित पुसट येतात. रबरी डायनोसॉर मात्र प्रत्येक चित्राच्या वेळी निश्चल उभा असे. म्हणून प्रत्येक चित्र रेखीव येई आणि ती चित्रे सलग दाखविली की चालण्यात एक बारीकसा हिसका, एक थरथर जाणवे. तो दोष होता खराच. परंतु हा प्राणी कोणीतरी घडविला आहे, कोणीतरी चालविला आहे, हे ती थरथर पाहणाऱ्याला सांगत असे. निवेदकाचा आवाज खात्रीने बोले. चित्र मात्र संकोचाने बोले. ‘हाडे सापडली आहेत, बाकीचे आम्ही जोडून पाहिले आहे’, असेच जणू त्याचे म्हणणे असे.

नव्या चित्रांत हा संकोच उरला नाही. १९९९ साली बी.बी.सी.ने ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ ही मालिका दाखविली. तीत कॅमेरा जणू त्या अरण्यात जाऊन बसला होता. त्या मालिकेत लायोप्लुरोडॉन हा समुद्री सरपटणारा प्राणी २५ मीटर लांबीचा दाखविला होता. आज तज्ज्ञ त्याची लांबी त्याच्या निम्म्याहूनही कमी मानतात. चूक १९५६ साली झाली, तशी १९९९ सालीही झाली. फरक इतकाच, की पहिली चूक रबरातून दिसत होती आणि दुसरी कातडीच्या सुरकुतीतही सापडत नव्हती. चित्र जितके निर्दोष, तितके त्याला प्रश्न विचारणे कठीण. जुन्या डायनोसॉरांच्या आठवणीत नुसते बालपणाचे सुख नाही. पाहणाऱ्याच्या कल्पनेला जी जागा मोकळी ठेवलेली होती, तिचीही ती आठवण आहे.

शिवाय जुने चित्र सगळेच खोटे ठरते असेही नाही. ‘द अॅनिमल वर्ल्ड’मध्ये डायनोसॉरांचा अंत ज्वालामुखी आणि भूकंप यांत दाखविला होता. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशनीच्या आघाताची उपपत्ती मांडली आणि तीच आज बहुतेकांना मान्य आहे. परंतु त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हाचे प्रचंड पूर येत होते. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच लाव्हाचा. त्या उद्रेकांचा वाटा किती, याची चर्चा शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. रायगडाच्या पायऱ्या चढणारा मनुष्य त्या वादाच्या एका पुराव्यावरच पाऊल ठेवीत असतो.

आपल्या परिसरातही या प्राण्यांच्या खुणा थोड्या नाहीत. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली येथील हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या डायनोसॉराचे नामकरण झाले. मध्यप्रदेशात धार जिल्ह्यातील बाघ-कुक्षी भागात ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे. बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील पालकांना आपल्या मुलांसह हा पुरावा पाहण्यासाठी सातासमुद्रापार जावयास नको.

रबर फार दिवस टिकत नाही. ओब्रायन यांच्या काळातील अनेक प्रतिकृतींचे कातडे वाळून झडून गेले आणि आतला धातूचा सांगाडा तेवढा मागे उरला. डायनोसॉरांचेही असेच झाले होते. मांस गेले, हाडे राहिली, आणि त्या हाडांवर मांस चढविण्याचे काम पुढच्यांकडे आले. ते काम दर पिढीला नव्याने करावे लागते. म्हणून घरात किंवा शाळेत मुलांना डायनोसॉर दाखवावयाचे झाल्यास जुना चित्रपट आणि नवा चित्रपट दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत, आणि यांतला खरा कोणता हे सांगण्याची घाई करू नये. ‘हे यांना कसे कळले?’ असा प्रश्न मुलाने आपण होऊन विचारीपर्यंत थांबावे. तो प्रश्न त्याने विचारला, की मग त्याला हाडांकडे न्यावे.