बोटीचे भाडे : रोख की पॉइंट?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला आज येथे उभे केले आहे ते काही माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे लग्न झाले, आणि मग दुकानाची वही लिहिण्यापुरताच माझा लेखणीशी संबंध उरला. आमचे मोटारी भरण्याचे दुकान आपणां सर्वांना ठाऊक आहेच. आत्याबाईंना घेऊन मी गोव्याच्या बोटीवर जाऊन आले, त्यानंतरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी बोटीचे वर्णन ऐकून घेतले. तेव्हा आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "बोट कशी होती ते कळले. पैसे कसे भरलेत ते सांगा, कारण तसले कागद आमच्याही कपाटात आहेत." म्हणून आज हिशेबाचेच बोलते. कोणाला कंटाळा आला तर चहा होईपर्यंत सोसून घ्यावे.

आधी ते कागद आमच्या घरी कसे आले ते सांगते. २०१७ सालच्या दिवाळीत यांना फोन आला की तुमचा नंबर लागला आहे, पुण्याच्या मोठ्या हॉटेलात जोडीने जेवायला या, भेटवस्तू घेऊन जा. आम्ही नटूनथटून गेलो. जेवण चांगले होते. जेवणानंतर एका गोड बोलणाऱ्या मुलाने आम्हांला तीन तास बसवून ठेवले. पंचवीस वर्षे दरसाल सुट्टीला जायचे, खोल्यांचे भाडे द्यायचे नाही, दरवर्षी खात्यावर ६० पॉइंट जमा होतील, ते खर्च करायचे. किंमत ३ लाख ६० हजार, दहा हजारांचे ३६ हप्ते. यांनी सही केली. मी शेजारीच बसले होते, आणि मीही नको म्हटले नाही, हे खरे तेच सांगते. भेट म्हणून काचेचे सहा वाडगे मिळाले. त्यांतले दोन फुटले, चार अजून वापरात आहेत.

करार तेवीस पानांचा आणि सगळा इंग्रजी. दहा दिवसांच्या आत रद्द केला तर पैसे परत मिळतील असे त्यात एका पानावर लिहिले होते, ते आम्हांला कळले २०२० साली. तोपर्यंत सत्तावीस हप्ते गेले होते. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली, दुकान बंद झाले. हप्ता मात्र बंद होईना. तेव्हा माझ्या आईने घातलेल्या पाटल्या मी पतसंस्थेत ठेवल्या, आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून ओतूरच्या माझ्या दादाकडून वीस हजार आणले. पाटल्या पुढे सोडवता आल्या नाहीत, मोडाव्याच लागल्या. दादाला पैसे परत देऊ केले की तो म्हणे, "बहिणीचे पैसे घेऊन मी काय करू?" आणि विषय बदली. आता कोणी 'फुकटचे पॉइंट' म्हटले की माझ्या मनगटाला ते कळते.

आता बोटीचे. आमच्या आत्याबाई शहात्तर वर्षांच्या. सासरे आंबेगाव तालुक्यातले, मुंबईत डबे पोहोचवीत. आपल्या या पट्ट्यातल्या किती घरांतली माणसे त्या कामात गेली हे मी सांगायला नको. लग्नानंतर आत्याबाई दोन वर्षे मुंबईला चाळीत राहिल्या. शेजारीण कोकणातली. गणपतीला ती बोटीने गावी निघाली, तेव्हा तिला पोहोचवायला आत्याबाई भाऊच्या धक्क्यावर गेल्या होत्या. बोटीचा भोंगा त्यांनी तेव्हा ऐकला. सासरे म्हणाले, "एकदा तुलाही बोटीने गोव्याला नेईन." मग सासूचे आजारपण आले, त्या गावी परतल्या, त्या बोटी पुढे बंद झाल्या, आणि मामंजीही गेले. आत्याबाईंनी कधी मागणे असे केले नाही. फक्त दूरदर्शनवर समुद्र दिसला की हातातले निवडणे थांबवीत.

डोंगरातल्या माणसांना बोटीचे वेड कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपले जुन्नर समुद्राला अगदीच परके नव्हे. सोपारा, कल्याणच्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढूनच इकडे येत असे. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आपण सर्वांनी पाहिला आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असे म्हणतात. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे, त्यातही गाई, घोडे यांबरोबर कार्षापण नाण्यांची दाने मोजून लिहिली आहेत. बायकांनी आकडे लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे एवढेच मला त्यावरून म्हणायचे आहे.

२०२४ च्या श्रावणात मला भिशी लागली. वीस जणींची, दोन हजारांची, म्हणजे चाळीस हजार हाती आले. ते मी पाटल्यांसाठी धरले होते. त्याच आठवड्यात आमच्या क्लबाचे पत्र आले की आता पॉइंट देऊन बोटीची सफरही करता येईल. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. यांना मोठा आनंद झाला. आमच्या खात्यावर १२० पॉइंट होते, त्यांतले आधीच्या वर्षीचे ६० पुढच्या मार्चअखेर बुडणार होते. हे म्हणाले, "आईला बोटीने पाठवू, पदरचे काही जायचे नाही, आणि तुझ्या पाटल्याही होतील." बोलणे मनाला पटण्यासारखे होते. पण एकदा न वाचता सही केली होती, म्हणून या वेळी मी थोरलीला कागद वाचायला बसवले. ती अकरावीला. शब्दकोश घेऊन तिने दोन रात्री वाचले, मी वहीत लिहून घेतले.

पदरचे काही जायचे नाही हे खोटे निघाले. आत्याबाई आणि मी, अशा दोघींना बिनखिडकीच्या खोलीचे रोख भाडे होते ४५ हजार. शिवाय बंदराचा आकार, कर आणि नोकरांची बक्षिसी मिळून १४ हजार. एकूण ५९ हजार. पॉइंटाने जायचे तर १२० च्या १२० पॉइंट द्यायचे, अदलाबदलीची फी म्हणून १५ हजार भरायचे, आणि ते १४ हजार तर भरायचेच. म्हणजे रोख २९ हजार जाणारच होते. १२० पॉइंट देऊन आमचे वाचत होते ३० हजार. एका पॉइंटाला अडीचशे रुपये.

आता तो पॉइंट आम्हांला पडला केवढ्याला? ३ लाख ६० हजारांना पंचवीस वर्षांनी भागले तर वर्षाचे १४,४०० होतात. वर, देखभाल म्हणून दरसाल भरावे लागतात ते १५,६००. दोन्ही मिळून ३० हजार. त्याचे पॉइंट साठ. म्हणजे एक पॉइंट पाचशेला. नुसती देखभाल धरली तरी २६० रुपये. बोटीच्या व्यवहारात मिळत होते अडीचशे.

मी यांना म्हटले, हा बोहारणीचा सौदा आहे. दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई येते. धुऊन विरलेले पातळ दिले आणि तिने वाटी दिली तर आपण दोघीही शहाण्या. पण ती पेटीतली जरीची साडी हातात घेते, पदर चाचपते, आणि म्हणते, "बाई, बादली घ्या की." बादली नवी आणि चकचकीत असते, साडी आपल्या डोळ्यांना जुनी दिसते, आणि आपण देऊन मोकळ्या होतो.

यांचे म्हणणे वेगळे होते, आणि तेही मी सांगितले पाहिजे, कारण ते अगदीच चुकीचे नव्हते. हे म्हणाले, "पाचशेला घेतले ते गेले. ते काही आता परत यायचे नाहीत. साठ तर मार्चला बुडणारच आहेत. बुडण्यापेक्षा अडीचशे काय वाईट?" या बोलण्यावर माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. दोन दिवस मी विचार केला. आम्ही जेवायला बसलो तरी पॉइंट, दुकानात पॉइंट. धाकटा म्हणू लागला की आपल्या घरात आता दूधही पॉइंटानेच येणार का.

तिसऱ्या दिवशी मला उमजले की पॉइंटाची किंमत एकच नसते. ज्या कामासाठी तो घेतला त्या कामाला लावला, तर जास्त देतो. क्लबाच्या थंड हवेच्या ठिकाणच्या खोलीला रात्रीचे ८ पॉइंट पडतात, आणि त्या खोलीचा पाटीवरचा दर आहे पाच हजार. भागून सव्वासहाशे येतात. पण इथेही आपण फसतो. पाटीवरचा दर धरायचा नसतो. आपण पदरचे देऊन गेलो असतो तर केवढी खोली घेतली असती, ते धरायचे. आमच्यासारख्याने तीन हजारांच्या वर घेतली नसती. म्हणजे एका पॉइंटाला ३७५. ही किंमत मी खरी मानते.

आणि मग दादा आठवला. त्याची मुले दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी नेण्याचा हट्ट धरून होती, आणि तो लॉजचे दर विचारीत होता. करारात नातेवाइकांच्या नावाने खोली देण्याची सोय होती. विकायला मनाई आहे, द्यायला नाही. हे थोरलीने दोनदा वाचून घेतले. दोन खोल्या, तीन रात्री, ४८ पॉइंट. दादाचे अठरा हजार वाचले. जो भाऊ वीस हजार परत घेत नव्हता, त्याला ते घ्यावे लागले, आणि वहिनीने येताना माझ्यासाठी शालही आणली. बारा पॉइंट मात्र मार्चला बुडाले. सगळेच काही साधत नाही.

तरी बोटीचा प्रश्न उरलाच होता, आणि मुख्य अडचण पुढेच होती. मी थोरलीला म्हटले, आत्याबाईंची तब्येत आयत्या वेळी बिघडली तर काय होते ते शोध. रोखीने काढलेले तिकीट महिनाभर आधी रद्द केले तर बरेचसे पैसे परत मिळत होते. पॉइंटाने काढले तर दिलेले पॉइंट आणि फी, दोन्ही परत नाहीत. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत हे मला अडीचशे-पावणेचारशेच्या हिशेबापेक्षा मोठे वाटले. शिवाय पॉइंटवाल्यांना ठरावीक तारखाच. त्या सगळ्या ऑक्टोबरातल्या, आणि आत्याबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन तेव्हाच ठरलेले. मोतीबिंदू घेऊन समुद्र काय पाहायचा?

मी भिशीचे चाळीस हजार काढून ठेवले. आत्याबाईंना हे कळले तेव्हा त्या रागावल्या. "पाटल्या कर आधी. मला नको बोट न बीट. एकदा मोडल्यास, आता पुन्हा माझ्यापायी?" म्हणाल्या. दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मी त्यांना एवढेच म्हटले की पाटल्या पुढच्या भिशीला होतील. पुढच्या भिशीला तुमचे गुडघे असेच राहतील असे मला कोणी लिहून दिलेले नाही. धाकट्या भाऊजींनी आईसाठी म्हणून दहा हजार दिले, नऊ हजार यांनी दुकानातून काढले. यांच्या मनात थोडी अढी होती, पण पैसे मोजून माझ्या हातात दिले.

डिसेंबरात निघालो. इथून मुंबईपर्यंतच्या एस.टी.ला आत्याबाईंना एक पैसा पडला नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि आपणां बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. कंडक्टरला आत्याबाई सांगत होत्या, "बोटीवर चाललेय."

बोटीवर चढायचे ते बॅलार्ड पियरला. बोट म्हणजे पाण्यावर उभी केलेली दहा-बारा मजली इमारत. खिडकीच्या खोलीला आणखी सहा हजार मागत होते, ते मी वाचवले होते, आणि त्याची मला मनात टोचणी होती. पण आत्याबाई झोपेपुरत्याच खोलीत आल्या. बाकी सारा वेळ वरच्या मजल्यावर खुर्चीत, डोक्यावरून पदर घेऊन. नाचगाणे चालले होते, जेवणाला पंचवीस प्रकार होते, त्यांत भाकरी नव्हती. आम्ही बरोबर शेंगदाण्याची चटणी नेली होती. बोट लागली ती मला. पहिली रात्र मी आडवीच होते. त्यांना काही झाले नाही.

निघताना संध्याकाळ होती. बोट दक्षिणेला वळली तशी आत्याबाई मागे पाहू लागल्या. एका खलाशाला त्यांनी मराठीतच विचारले, "भाऊचा धक्का कोणीकडे?" तो रत्नागिरीकडचा निघाला. त्याने मागे उत्तरेला बोट दाखवले. दिवे पुष्कळ होते, त्यांतला नेमका कोणता ते मला काही कळले नाही. आत्याबाईंनी मात्र हात जोडले. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही. भोंगा वाजला तेव्हा म्हणाल्या, "त्या बोटीचा याच्याहून मोठा होता."

या वर्षीचे पॉइंट आता कुठे लावायचे ते अजून ठरलेले नाही. देखभालीची रक्कम वाढवल्याचे पत्र आले आहे, त्यामुळे माझा २६० चा आकडा बदलावा लागेल. हे सभासदत्व सोडता येते का, ते थोरली वाचते आहे. सोळा पाने झाली, सात राहिली आहेत. ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी ते घेऊन यावे, दुपारी तीननंतर मी घरीच असते. येताना सही केल्याची तारीख पाहून यावी. दहा दिवस उलटले नसतील तर तीनपर्यंतही थांबू नये. आणि कोणाची सरळ फसवणूकच झाली असेल तर १९१५ हा सरकारी ग्राहक मदतीचा फोन आहे, पुण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. आम्ही तिकडे गेलो नाही, कारण सही आम्ही खुशीने केली होती.

चहा झालेला दिसतो. पुढच्या भिशीची चिठ्ठी आज निघायची आहे, ती आधी काढावी अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे.