पाणी मोजणारे आणि माणसे जाणणारे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षे परप्रांतात मराठी वाणीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या या मंडळाने आम्हांस पाण्याविषयी बोलावयास पाचारण केले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपल्या सभासदांत अभियंते पुष्कळ, तसे अध्यापकही पुष्कळ. आमचे आजचे निवेदन या दोघांसही उद्देशून आहे. पाणी किती, हा प्रश्न विज्ञानाचा. ते कोणाचे, हा प्रश्न समाजशास्त्राचा. ही दोन्ही उत्तरे एकत्र बसून शोधल्यावाचून पाण्याची योजना टिकत नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

चंदीगडला गेलेल्या प्रत्येकाने सुखना तलाव पाहिला असेल. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या पावसाळी ओढ्यास त्या बाजूस 'चो' म्हणतात. असा एक चो अडवून १९५८ साली हा तलाव निर्माण झाला. परंतु थोड्याच वर्षांत तो गाळाने भरू लागला. केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचा माग काढला. तो सुखोमाजरी या लहानशा खेड्यावरील उघड्या डोंगरउतारापर्यंत जाऊन पोहोचला.

शास्त्रज्ञांनी घळी बांधून काढल्या, झाडे लावली. शास्त्रात काहीच उणे नव्हते. पण गावकऱ्यांची गुरे आणि शेळ्या पूर्ववत त्याच उतारावर चरत राहिल्या. चारू नका, असे सांगणे सोपे होते. मग जनावरे जगवावयाची कशी, याचे उत्तर त्या सांगण्यात नव्हते. तलाव शहराचा, पोट मात्र गावाचे! रोग टेकडीवर दिसत होता, त्याचे मूळ गावाच्या चुलीपाशी होते.

१९७६ च्या सुमारास गावाच्या वरच्या अंगास मातीचा लहान बंधारा झाला आणि त्याचे पाणी शेताला मिळू लागले. तेव्हा गावकऱ्यांना उताराची राखण करण्यात प्रथमच स्वतःचे हित दिसले. परंतु येथेच खरा पेच उभा राहिला. ज्याची जमीन पाण्याखाली येते तो राखण करील. ज्याला जमीनच नाही त्याने शेळ्या का आवराव्यात? यावर निघालेला तोडगा असा, की जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान वाटा मिळावा. भूमिहीनाने आपला वाटा हवा तर दुसऱ्यास द्यावा. गावाची संस्था स्थापन झाली आणि तारेच्या कुंपणाऐवजी गावाच्या शब्दाचे कुंपण टेकडीभोवती पडले. पुढे तेथे भाबर गवत माजले; ते दोरखंडांना आणि कागदाच्या गिरण्यांना उपयोगी पडले. शेळ्यांच्या जागी दावणीच्या म्हशी आल्या आणि तलावाकडे वाहणारा गाळ पुष्कळच घटला. मधु सरीन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हरियाणातील या अनुभवाची सामाजिक बाजू तपासली. कालांतराने बंधाऱ्यांत गाळ साचणे, गवताच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून वनखात्याशी वाद, अशा अडचणीही आल्या. यावरून एवढेच दिसते, की वाटणीचा प्रश्न एकदाच सोडवून भागत नाही. बंधाऱ्याप्रमाणे त्याचीही डागडुजी करावी लागते.

आपल्या महाराष्ट्रातही याच सुमारास हाच विचार स्वतंत्रपणे उगवला. १९७२ च्या दुष्काळाने हेलावून गेलेले अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे गेले. देवस्थानची चाळीस एकर जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग केले. त्यांतून १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहा. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातील माणसांच्या संख्येने. दरडोई अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही हक्क. ऊस वर्ज्य. अभियंत्याने केलेला हा नियम कोणत्याही समाजशास्त्रज्ञास भूषणावह ठरावा!

वस्तुतः ही परंपरा याहून जुनी आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. ती १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाटात पाणी किती सुटले एवढ्यावर न थांबता ते कोणाच्या संसारात काय घडवून गेले, हे त्यांनी पाहिले.

मग हे सहकार्य सर्वत्र का रुजले नाही? आमच्या मते दोष क्रमाचा आहे. आधी आराखडा, मग खर्चाचा अंदाज, मग बांधकाम. आणि लोक ऐकेनासे झाले म्हणजे त्यांची समजूत घालावयास समाजशास्त्रज्ञाला बोलवावयाचे, अशी रीत पडली. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखेच हे! उलटपक्षी, समाजाचा अभ्यासकही पुष्कळदा पर्जन्यमापक, विहिरीची पातळी आणि खडकाची जात यांकडे पाठ फिरवितो. जे पाणी जमिनीत नाहीच, त्याची न्याय्य वाटणी कोण करणार?

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने महाराष्ट्र आणि हरियाणासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींपुढे पाण्याचा जमाखर्च मांडण्याचे काम ठेवले. ही दिशा योग्य होय. परंतु जमेचा आकडा भूजलतज्ज्ञाने लिहावा आणि खर्चाचा आकडा कोणाच्या कूपनलिकेने वाढविला, हे विचारण्यास कोणी धजू नये, तर ती वही अर्धीच राहील.

आपल्या घरांतील कोणी मुलगा अभियांत्रिकीला जाईल, कोणी मुलगी समाजशास्त्र शिकेल. पहिल्यास हुशार आणि दुसरीस निरुपाय समजण्याची आपली सवय आता सोडावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. देशाच्या पाण्याला दोघांचीही गरज आहे, आणि तीही एकाच वेळी.