वधस्तंभ आणि ख्रिस्ती जीवन

(तिरुवल्लिकेणी, चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरातील उत्सवमूर्तीच्या मुखावर व्रण आहेत. अर्जुनाचा रथ हाकताना सारथ्याने भीष्माचे बाण आपल्या अंगावर घेतले, त्याच्या त्या खुणा, अशी भाविकांची श्रद्धा आहे. येथून समुद्रकाठाने दक्षिणेस गेले की सांथोमचे चर्च लागते. ख्रिस्ताचा शिष्य थोमा याचे दफन तेथे झाले, अशी परंपरा सांगते. योहानाच्या शुभवर्तमानातील हा थोमा पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण पाहिल्याखेरीज विश्वास ठेवण्यास तयार नव्हता. दोन्ही श्रद्धांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे. ते एकच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि, दुसऱ्यासाठी सोसलेला घाव हे दैवताचे भूषण ठरू शकते, ही जाणीव या परिसराला परकी नाही.

मराठी बायबलने यासाठी ‘वधस्तंभ’ असा शब्द योजला आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांतून ‘क्रूस’ हा शब्द रूढ आहे. तो कानाला मृदू लागतो. ‘वधस्तंभ’ म्हटले की मात्र गळ्यातील सोन्याच्या पदकाचा विसर पडतो आणि मूळ वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. रोमन राजवटीत गुलामांना आणि बंडखोरांना देण्यात येणारी ती शिक्षा होती. अपराध्याला भर रस्त्यातून नगराबाहेर नेऊन, लोकांच्या देखत, तिळातिळाने मारण्यात येई. यातनेइतकीच विटंबनाही त्यात अभिप्रेत होती. अशा मरणात ख्रिस्ताने मानवजातीचे पाप आपल्या शिरावर घेतले आणि क्षमेचा मार्ग खुला केला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा होय.

परंतु लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्त आपल्या अनुयायांना स्वतःचा वधस्तंभ दररोज उचलण्यास सांगतो. येथे एक मोठा अनर्थ संभवतो. ‘हा तुझा वधस्तंभ आहे, मुकाट्याने वाहा,’ असे मारहाण सोसणाऱ्या पत्नीला, अपमानित सुनेला, वेठीस धरलेल्या मजुराला सांगण्यात येते. सांगणारा स्वतः मोकळा राहतो आणि अन्यायाला धर्माची मुद्रा मिळते.

शुभवर्तमानात याला आधार नाही. ख्रिस्ताने रोग्याला रोग सोसण्याचा उपदेश केला नाही. त्याला बरे केले. दोषी ठरवलेल्या स्त्रीला दगडांच्या स्वाधीन केले नाही. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देत आहोत, असेच त्याने सांगितले. म्हणून वधस्तंभ हा स्वेच्छेने, दुसऱ्याच्या मुक्तीसाठी, स्वतःच्या खांद्यावर घ्यावयाचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर लादला की तो केवळ जुलूम उरतो.

महाराष्ट्राने याचा अर्थ पंडिता रमाबाईंच्या चरित्रात पाहिला. या मद्रास इलाख्यातच, 1874 च्या सुमारास, तीर्थाटन करणाऱ्या त्यांच्या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण यांचा थोड्याच अवधीत अंत झाला. पुढे बंधू गेले आणि विवाहानंतर दोन वर्षांतच वैधव्य आले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथील धर्मभगिनी मायेने सांभाळतात, हे पाहून त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले होते.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. बालविधवेला त्यांनी नशिबाचा दाखला दिला नाही. तिच्या हाती पुस्तक दिले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ति सदनात त्या शिकल्या, शेती व विणकाम करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. ज्या मुलीने भुकेने आपली माणसे जाताना पाहिली, तिने त्या आठवणीचे कडूपण जपले नाही. दुसऱ्याची भूक आपली मानली. वधस्तंभ उचलणे म्हणतात ते हेच.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी यातून एक कसोटी घ्यावी. मुलांसाठी खाल्लेल्या खस्तांची यादी आपण त्यांच्यापुढे वारंवार वाचतो तेव्हा त्या खस्तांचे कर्ज होते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार वधस्तंभावरील प्रेमाने परतफेड मागितली नाही. मारणाऱ्यांसाठीही क्षमाच मागितली. ज्याने अशी क्षमा स्वीकारली, त्याला दुसऱ्याकडे थकबाकी मागत बसता येत नाही. घरात, वर्गात, कचेरीत एखाद्याच्या खांद्यावरचे ओझे दिसले, तर सोसण्याचा उपदेश न करता आपला खांदा पुढे करावा. ख्रिस्ती जीवनाची ओळख अखेर तेथेच पटते.