दानाची राखण
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



वकील म्हटला की लोकांना भांडण आठवते. माझ्या कामात भांडण थोडे आणि कागद फार. गेली बावीस वर्षे मी धर्मादाय संस्थांचीच कामे पाहते : नोंदणी, घटना, जमीन, हिशेब. लोकांनी विश्वासाने दिलेले दान ज्याच्यासाठी दिले त्याच्यापर्यंत पोहोचावे, एवढीच ही राखण.

एक उदाहरण सांगते. दुर्गम तालुक्यात आदिवासी मुलींचे वसतिगृह होते. सात विश्वस्तांपैकी तिघे वारले. त्यांच्या जागी आलेली माणसे मनापासून राबत होती. पण धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत जुनीच नावे राहिली. बँक नव्या सह्या मानीना. खात्यात देणगी पडून होती आणि मुलींचा तांदूळ उधारीवर येत होता.

आपल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम २२ सांगते, की विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा. सोबत सभेची नोटीस, ठराव, इतिवृत्त, संमतिपत्र, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. वॉर्डनबाईंनी सगळी इतिवृत्ते ट्रंकेत जपली होती, म्हणून झालेला उशीर माफ करून घेता आला आणि एकेक बदल क्रमाने मंजूर झाला. त्याला दीड वर्ष लागले. तोवर दुकानदाराने उधारी सोसली, हे त्याचे उपकार.

जमिनीचेही तसेच. संस्थेची जमीन विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आणि एखाद्या आदिवासी बांधवाने प्रेमाने शाळेला जागा देऊ केली, तरी तोंडी शब्दावर कुंपण घालू नये. महसूल संहितेच्या ३६-अ कलमाप्रमाणे शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. या अटीने आपले काम लांबते, हे खरे. पण आदिवासींची जमीन त्यांच्या हातून जाऊ नये म्हणूनच ती घातली आहे. ज्यांची सेवा करायची, त्यांचे हे संरक्षण आपणच कसे मोडावे?

देणगीदारांना एक विनंती. पावती तर घ्याच. शिवाय विचारा, ‘आजच्या विश्वस्तांची नावे नोंदवहीत लागली आहेत का? गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवाल का?’ असे विचारण्यात अविश्वास नाही. चोख कारभार करणाऱ्याला हा प्रश्न आवडतोच.

आपल्या मंडळीत कायदा शिकणारी मुलेमुली असतील, तर त्यांना या कामाकडे वळवा. फी बेताची मिळते, तारखा पुष्कळ पडतात. पण लहान संस्थांना असा वकील परवडत नाही, आणि दुर्गम तालुक्यात तो सापडतही नाही. वर्षातून चार दिवस कोणी त्यांची दप्तरे तपासून दिली, तरी कितीतरी वसतिगृहांची चूल बिनघोर पेटेल.