नांदूर मधमेश्वरचे पाहुणे आणि गावाची वही

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या शिबिरात निफाड तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निफाडच्या थंडीची आपणां सर्वांना चांगलीच ओळख आहे. पौषातल्या पहाटे द्राक्षांचे घड वाचविण्यासाठी बागांमधून शेकोट्या पेटतात, त्याच वेळी नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर धुके उतरलेले असते. त्या धुक्यातून पक्षी दिसण्यापूर्वी त्यांचा आवाज ऐकू येतो. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या मिरविणारे पट्टकादंब हंस शेतांतून पाण्याकडे परतत असतात. तिबेट, मंगोलिया अशा दूरच्या प्रदेशांत त्यांची घरटी असतात आणि हिमालय ओलांडून ते हिवाळ्यासाठी भारतात उतरतात. असे पाहुणे आपल्या तालुक्यात यावेत, हे आपले भाग्यच होय. परंतु आज मी त्यांच्या सौंदर्याविषयी थोडे आणि आपल्या कर्तव्याविषयी अधिक बोलणार आहे.

एका बैठकीतील अनुभव

काही वर्षांपूर्वी पाण्याच्या नियोजनासंबंधीच्या एका बैठकीस मी उपस्थित होतो. मी मोठ्या तळमळीने म्हणालो, "पूर्वीइतके पक्षी आता येत नाहीत." त्यावर एका अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, पूर्वी म्हणजे कोणत्या वर्षी? किती होते? आणि कोणी मोजले?" मी निरुत्तर झालो. तीस हिवाळे मी त्या काठावर उभा राहिलो होतो. माझ्याजवळ आठवणी होत्या, परंतु लिहिलेली एक ओळ नव्हती. माझ्या शेजारी बसलेले शेतकरी उठून म्हणाले, "हंस वाढले आहेत; ते आमचा हरभरा खातात." त्यांच्याजवळही आकडा नव्हता. आम्ही दोघेही कदाचित खरे बोलत होतो, कदाचित दोघेही चुकत होतो. निर्णय मात्र आम्हां दोघांनाही बाजूस ठेवून झाला. त्या दिवशी मी वही विकत घेतली.

गाळातून उभे राहिलेले वैभव

हे पाणथळ क्षेत्र निसर्गाने एकट्याने निर्माण केलेले नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. येथून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी खालच्या अवर्षणग्रस्त भागास पाणी दिले. वर्षानुवर्षे पुराबरोबर गाळ येत गेला, जलाशय उथळ झाला, बेटे तयार झाली आणि पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या दृष्टीने जी हानी होती, तीच पक्ष्यांच्या दृष्टीने समृद्धी ठरली. १९८६ साली शासनाने येथे अभयारण्य घोषित केले. जानेवारी २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याचा समावेश जाहीर झाला. महाराष्ट्रातील ती पहिलीच अशी जागा होय.

पक्षी पाण्याची खोली सांगतात

पक्षी पाहणे हा केवळ छंद आहे, असा एक समज आहे. वास्तविक पक्षी पाहणे म्हणजे पाण्याची तपासणी करणे होय. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर घोटाभर पाण्यात उभा राहतो. तुतवार ओल्या चिखलाच्या कडेने किडे टिपतो. थापट्या बदक फावड्यासारख्या चोचीने वरचे पाणी गाळून घेते, तर तलवार बदक शेपटी वर करून उथळ तळातले अन्न शोधते. लालसरीला मात्र बुडी मारण्याइतके पाणी लागते. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले, पातळी हातभर चढली की चिखलातले पक्षी उठतात. पाणी उतरले की बुडी मारणारे निघून जातात. जलपर्णी पसरली तर मोकळे पाणीच उरत नाही. म्हणून पक्ष्यांच्या नोंदीशेजारी पाण्याची पातळी लिहिलेली असेल, तरच ती नोंद खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

वही कशी ठेवावी

शिक्षकबंधूंनो, यासाठी फार खर्च लागत नाही. शाळेत एक साधी दुर्बीण व एक जाड वही पुरे. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्यातून दोन ठरावीक दिवशी, ठरावीक जागेवरून, सूर्योदयानंतर एक तास मोजणी करावी. मोठा थवा असेल तर प्रथम दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांनी टिपावे आणि तेवढ्या मापाने उरलेला थवा मोजावा. तारीख, वेळ, पाण्याची खूण व मोजणाऱ्याचे नाव लिहावे. ओळख पटली नाही तर तसेच लिहावे. एखादा पक्षी दिसला नाही, तर "दिसला नाही" ही नोंददेखील आवर्जून करावी. कारण पुढे तीच सर्वांत मोलाची ठरू शकते. थवा उडालेला पाहण्यासाठी मुलांना दगड मारू देऊ नये. अकारण उडालेला पक्षी परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती खर्च करीत असतो.

दर वर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेस या नोंदींची जोड देता येते. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून सुरू केला. मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा सप्ताह वहीच्या प्रारंभास योग्य मुहूर्त आहे.

पंचायतीची भूमिका

पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. शाळेची वही दर वर्षी तिच्यात उतरवावी. त्याच वहीत शेतकऱ्यांनी आपले नुकसानही लिहावे : कोणते पीक, किती गुंठे, कोणत्या तारखेस. पक्ष्यांचा कैवार घेणाऱ्यांनी ही नोंद टाळली, तर त्यांच्या आकड्यांवर गावाचा विश्वास बसणार नाही. ज्याच्या हरभऱ्यात हंस उतरतो, त्याला या कामात मानाचे पान मिळाले पाहिजे.

माझ्या वहीला आता काही वर्षे झाली. तिच्यात चुका आहेत, खाडाखोड आहे, आजारपणात राहिलेली कोरी पाने आहेत. परंतु पुन्हा कोणी "कधी? किती? कोणी मोजले?" असे विचारले, तर मी ती समोर ठेवू शकेन. मागची तीस वर्षे मात्र मला परत लिहिता येणार नाहीत. आपल्या शाळेतील मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे. येत्या हंगामाचे पहिले पान आपण कोरे ठेवू नका.